कोयत्याला धार लावायला कोणती कानस घ्यावी?

प्रश्न (गुहागर): माडाच्या झावळा तोडायचा कोयता आहे. कानस मारली की धार खरबरीत येते, दोन दिवसांत बोथट. कोणती कानस घेऊ?

उत्तर १: तुमची कानस दुहेरी दातांची, म्हणजे उभ्या-आडव्या चिरांची असणार. ती लोखंड भराभर खाते, पण धारेवर ओरखडे ठेवते. धारेला खाच पडली असेल तरच ती वापरा. एरवी १० इंची, चपटी, एकेरी तिरक्या दातांची घ्या. मूठ बसवूनच वापरा, उघडं शेपूट तळहातात घुसतं.

उत्तर २: कानस फक्त पुढे जाताना कापते. मागे आणताना उचला, घासत ओढली की दात मोडतात. धारेवर मार्कर फिरवा आणि कानशीचे दोन हात मारा. शाई काठाशी उरली तर कोन फार बसका, वरच्या बाजूला उरली तर फार उभा. एका बाजूने घासत राहा, पलीकडे नखाला लोखंडाची पातळ, वळलेली कड लागली की बाजू बदला. ती कड शेवटी निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर काढा. ती तशीच ठेवल्यामुळे धार दोन दिवसांत जाते.

उत्तर ३: दातांत आधी खडू घासा, कीस अडकत नाही. कानस नुसतीच घसरत असेल तर ती झिजलीय किंवा पोलाद फार कडक आहे, जोर लावू नका. ग्राइंडर तर नकोच: काठ निळा पडला की पोलादाचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला.

प्रश्नकर्ता: दात्यांच्या विळ्यालाही हीच चालेल का?

उत्तर २: नाही दादा, त्याला बारीक तिकोनी कानस. आणि खाऱ्या हवेत कानस कोरडी, फडक्यात गुंडाळून ठेवा. खोबरेल कोयत्याला लावा, कानशीला नको.