मोजायचे ते झोपेतले श्वास

पॉमेरेनियन कुत्र्याचा जुना खोकला घरी कसा सांभाळायचा, असं विचारलंय म्हणून लिहिते. आमच्या अकरा वर्षांच्या चिंगीला श्वासनलिका चपटी होण्याचा त्रास आहे. खोकला अगदी बदक ओरडल्यासारखा. अशा कुत्र्याचे श्वास मोजा असं सांगतात ते बरोबर, पण मोजायचे ते गाढ झोपेत. धापा टाकताना किंवा स्वप्नात पाय झाडताना मोजलेला आकडा निरुपयोगी. छाती वर जाऊन खाली आली की एक. ३० सेकंद मोजून दुप्पट करायचं. मिनिटाला ३० च्या आत ठीक; सतत वर राहिला तर डॉक्टरांना फोन. मी रोजचा आकडा कालनिर्णयवर लिहिते, दुधाच्या खाड्यांशेजारी! चिंगीचा नेहमी १८-२० असतो, त्यामुळे २६ दिसले तरी मी सावध होते. खोकल्याचा व्हिडिओ काढून ठेवा, दवाखान्यात ही मंडळी हमखास गप्प बसतात. गळपट्ट्याऐवजी हार्नेस लावा. वजनही उतरवा, आमच्याकडे आजोबांचं चोरून बिस्किट देणं थांबवणं सगळ्यात अवघड गेलं. हिरड्या निळसर दिसल्या तर मात्र मोजत बसू नका, तडक निघा.