अनुभव धागा: घराण्याचा शोध, सातबाऱ्यापासून मोडीपर्यंत

आडनाव माहीत आहे, मूळ गाव माहीत आहे, पण पणजोबांच्या वर काहीच नाही. बहुतेकांची सुरुवात इथूनच होते. महाराष्ट्रातल्या जुन्या नोंदींत ज्यांचा हात बसला आहे त्यांनी इथे लिहावं: कोणता कागद कुठे मिळतो, त्यात काय सापडतं आणि नवखा कुठे फसतो. घराण्याची थोरवी नको, ती बखरींत भरपूर आहे.

फेरफारवाला

सातबाऱ्यावर थांबू नका. त्यात जमीन कोणाच्या नावावर आहे एवढंच कळतं. नाती कळतात फेरफारात, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदवहीत, गाव नमुना 6 मध्ये. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ जे आकडे असतात ते फेरफार क्रमांक. सगळ्यात अलीकडचा वारस फेरफार काढा. त्यात मयताचं नाव, मृत्यूची तारीख, मुलगे, विधवा असं सगळं येतं. मग त्या मयताचं नाव ज्या फेरफाराने लागलं तो शोधा. असं एकेक पिढी मागे जायचं. मधली पायरी गाळून उडी मारली की हमखास दुसऱ्याच्या आजोबांपाशी पोचता.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदी 1903 च्या कायद्याने सुरू झाल्या, त्यामुळे तिकडच्या गावात पहिला फेरफार त्यानंतरचा असतो.

वाचताना तीन गोष्टी सांभाळा. 'ए. कु. क.' म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता: नाव एकाचं असलं तरी मागे चार भाऊ असू शकतात. 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान (वयात न आलेल्या) वारसाचं पालन करणार, तिथे आई किंवा चुलता हमखास सापडतो. आणि फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे, वारस नोंद कित्येकदा वर्षानुवर्षं रखडते. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या वारस नोंदींत मुली बहुधा नसतात. म्हणून 'मुलगी नव्हती' असा निष्कर्ष काढू नका.

कोरीपाटी

घराण्यात जमीनच नसेल तर?

चौदा_नंबर

मग गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक. 1969 चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा लागू होण्याआधी कोतवालाकडून गावातल्या जन्ममृत्यूची नोंद व्हायची. ही पुस्तकं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. अडचण अशी की जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. 'मुलगा' किंवा 'मुलगी', बापाचं नाव, जात, तारीख, बस्स. तेव्हा बापाच्या नावाने शोधा आणि अंदाजाच्या आगेमागे पाच-पाच वर्षं चाळा.

शाळेचं जनरल रजिस्टरही बघा. त्यातल्या 1 जूनच्या जन्मतारखेवर मात्र विसंबू नका, ती अनेकदा गुरुजींनी घातलेली असते.

गावकामगार, म्हणजे पाटील-कुलकर्णी अशी पिढीजात गावकामं करणाऱ्या घराण्यांसाठी वतनाची कागदपत्रं हा मोठा ठेवा. कनिष्ठ गाव वतनं 1958 च्या कायद्याने आणि परगणा व कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्याने संपली. ती खालसा होतानाच्या कागदांत वतनदारांची नावं, हिस्से आणि कित्येकदा वंशावळही मिळते.

अभिलेख कक्ष

नकलेच्या अर्जात 'आमच्या घराण्याची माहिती मिळावी' असं लिहिलं तर अर्ज परत येतो. गाव, तालुका, नमुना क्रमांक, फेरफार क्रमांक किंवा वर्षांची मर्यादा लिहा. अर्जाआधी 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर पाहा, बऱ्याच जिल्ह्यांची जुनी रजिस्टरं तिथे स्कॅन केलेली आहेत. कुणबी नोंदींच्या शोधात जिल्ह्यांनी आपापल्या संकेतस्थळांवर टाकलेले कागदही कामाचे आहेत, जात कुठलीही असो: एका पानावर सगळं गाव असतं.

जुना जिल्हा कोणता ते आधी ठरवा. सिंधुदुर्ग 1981 पर्यंत रत्नागिरीत होता, लातूर 1982 पर्यंत उस्मानाबादेत, पालघर 2014 पर्यंत ठाण्यात. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने तिथे उर्दू आणि फसली (महसुली) सनाची तयारी ठेवा.

मृगसाल

सनांवर लिहितो, कारण निम्मे घोटाळे तिथेच होतात.

शालिवाहन शकात 78 मिळवा, तारीख पौष-माघाच्या पुढची, म्हणजे जानेवारीनंतरची असेल तर 79. फसलीत डिसेंबरपर्यंत 590, जानेवारीपासून पुढे 591. पेशवाईच्या कागदांतला सुहूर सन मृगापासून सुरू होतो. त्यात डिसेंबरपर्यंत 599 आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600 मिळवायचे.

सुहूर सन अरबी शब्दांत असतो आणि एकक आधी येतो. 'खमस सबैन मया व अलफ' म्हणजे 5, 70, 100, 1000, एकूण 1175, म्हणजे इ. स. 1774-75. सबा (7) आणि सबैन (70), खमस (5) आणि खमसैन (50) यांत गफलत झाली की आजोबा नातवाच्या नंतर जन्मतात. तारखेआधीचं 'छ' हे चांद्र तारखेचं चिन्ह आहे, नावाचा भाग नाही.

बाळबोध

मोडी नुसती मुळाक्षरं गिरवून येत नाही. ज्या गावाच्या आणि घराण्याच्या नावांची खात्री आहे तेवढीच आधी मोडीत लिहून बघा, मग तीच कागदात शोधा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत आणि शब्दही तोडत नाहीत, त्यामुळे ओळखीची नावं हाच आधार. 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. आडनाव नसेल तर गोंधळू नका. 'पाटील' किंवा 'कुलकर्णी' दिसलं तरी ते आडनाव की हुद्दा, हे संदर्भावरून ठरवा.

पुण्याच्या पेशवे दप्तरात सुमारे 39,000 रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. थेट तिथे जाऊन घराणं सापडत नाही. परगणा, गाव, वतन आणि साधारण काळ हातात असेल तरच जा.

गंगापुत्र

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडच्या नामावळी राहिल्याच की! तिथे राहत्या शहराचं नाव सांगून उपयोग नाही, मूळ गाव आणि आडनाव सांगा. यात्रेला आलेल्याने आपल्याबरोबर बाप, आजा, भाऊ, मुलगे यांची नावं लिहवलेली असतात. सांगली-कोल्हापूर-सोलापूर पट्ट्यात हेळव्यांच्या, म्हणजे वंशावळी राखणाऱ्यांच्या, वह्याही विचारा. दोन्हीकडे एक पथ्य: तुमच्या तोंडून पणजोबांचं नाव आधी जाऊ देऊ नका. वहीत काय आहे ते आधी वाचून घ्या, मग ताडा.

फेरफारवाला

गंगापुत्र यांच्या पथ्याला जोड. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत असल्याने 'राघो बिन बाळाजी' एकाच घरात तीनदा भेटतो. म्हणून प्रत्येक माणसाला नावाऐवजी क्रमांक द्या: स्वतः 1, बापाला दुप्पट, आईला दुप्पट अधिक एक. म्हणजे बाप 2, आई 3, बापाचे वडील 4. दत्तक असेल तर जन्मदाता आणि दत्तक बाप दोघेही नोंदवा. क्रमांक दत्तक बापाला द्यायचा की जन्मदात्याला, हे मात्र सुरुवातीलाच ठरवा. मध्येच बदललंत तर सगळी वही पुन्हा लिहावी लागते.