द्राक्षाच्या काडीपासून सोडियम बॅटरीचा कार्बन: कंपनी काढावी की तंत्र विकावं?

काडीकुट्टी (धागाकर्ता)
समजा, नाशिकच्या एखाद्या कॉलेजात द्राक्षाच्या काडीपासून हार्ड कार्बन (सोडियम बॅटरीच्या ऋण इलेक्ट्रोडला लागणारा कार्बन) तयार झाला आणि कॉइन सेलमध्ये, म्हणजे चाचणीच्या बटणाएवढ्या बॅटरीत, ग्रॅममागे ३०० मिलिअँपिअर-तास साठवण मिळाली. पुढे काय? माझं मत, सरळ कंपनी काढावी. सेलची नव्हे, पावडरची. सेलच्या लाइनला उणे ४० अंश दवबिंदूची ड्राय रूम, म्हणजे जवळपास ओलावा नसलेली खोली लागते, ते आपल्या खिशाला झेपणारं नाही. सोडियमला लिथियम बॅटरीतला नेहमीचा ग्रॅफाइट चालत नाही, त्यामुळे हार्ड कार्बनला मागणी राहणार. निफाड-दिंडोरीत काडी बांधावर जळते आणि सातपूर-अंबडला हीट ट्रीटमेंटवाले बसलेत. अजून काय पाहिजे?

सातपूर_भट्टी
असहमत. भट्टीपासूनच सुरुवात करू. इथल्या भट्ट्यांमधलं कार्बुरायझिंग (पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन मुरवणं) ९३० अंशांच्या आसपास चालतं. हार्ड कार्बनला १२०० ते १४०० लागतात, तेही नायट्रोजन किंवा आरगॉनमध्ये. दाराच्या सीलमधून हवा शिरली की कणाचा पृष्ठभाग खाल्ला जातो, पृष्ठफळ वाढतं आणि पहिल्याच चार्जला जास्तीचं सोडियम गिळलं जातं. काडी थेट १३००ला नेली तर वाटेत निघणारा डांबरी धूर गार पाइपात जमून लाइन चोंदवतो. म्हणून आधी ५००-६००ला कोळसा, मग दळून ॲसिडने धुवायचा, सुकवायचा, मग मोठी भट्टी. कोरड्या काडीचा जेमतेम पाचवा हिस्सा हाती लागतो.

काडीकुट्टी
चालेल की. कोळसा गावात करू, १३००चा टप्पा एमआयडीसीत. वाहतूकही वाचेल.

डाऊनी
धुण्याचा क्रम चुकतोय. ऑक्टोबर छाटणीची काडी पावसाळाभर बोर्डोचे (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचे) फवारे खाऊन बसलेली असते. मोरचुदातलं तांबं भट्टीत उडून जात नाही. कोळसाच त्याचं धातूत रूपांतर करतो, आणि धातू झालेलं तांबं नुसत्या हायड्रोक्लोरिकला दाद देत नाही. म्हणजे कोळसा धुऊन पोटॅशियम निघेल, तांबं तिथंच. पुढे असा एखादा कण सेपरेटर (दोन इलेक्ट्रोडमधला पडदा) भोसकून पलीकडे गेला की सेल आतून शॉर्ट. कुट्टीच पातळ ॲसिडने धुवा, भट्टीत घालण्याआधी. ते तांबट पाणी ओढ्यात सोडता येणार नाही. ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरणाचा प्लांट) आणि प्रदूषण मंडळाची संमती हिशेबात धरा.

बाकी ‘बांधावर जळते’ हे आता अर्धंच खरं. बरेच जण श्रेडर फिरवून काडी बागेतच गाडतात. ती फुकट मिळेल असं धरून चालू नका.

हिशेबी
तुम्ही सगळे भट्टीत अडकलात. गिऱ्हाइकाचं काय? कॉइन सेलमध्ये समोर सोडियम धातूची चकती असते, म्हणजे सोडियमचा साठा जवळपास न संपणारा. पहिल्या चार्जचा तोटा तिथे झाकला जातो. ३०० परत देणाऱ्या कार्बनची पहिली कार्यक्षमता (पहिल्या चार्जला घेतलेल्यातलं किती परत मिळतं) ८० टक्के असेल तर तो ३७५ घेतो. ७५ बुडीत खाती. कॅथोड (धन इलेक्ट्रोड) ग्रॅमला १२५ देत असेल तर ग्रॅमभर कार्बनमागे ०.६ ग्रॅम कॅथोड नुसता हा खड्डा बुजवायला. सेलवाला आधी हाच आकडा विचारणार, ३०० नव्हे.

त्यात २०२२च्या अखेरीनंतर लिथियमचे भाव कोसळले, सोडियमच्या स्वस्ताईतली हवाच गेली. अमेरिकेतल्या नॅट्रॉन या सोडियम बॅटरी कंपनीने २०२५मध्ये गाशा गुंडाळला. कंपनीच्या फंदात पडू नका. पेटंट घ्या, तंत्र लायसन्सवर द्या.

काडीकुट्टी
नॅट्रॉनचं उदाहरण इथे लागू नाही. त्यांचे दोन्ही इलेक्ट्रोड प्रशियन ब्लूचे होते, हार्ड कार्बन त्यांनी घेतलाच नसता. ब्रिटनची सोडियम बॅटरी कंपनी फॅराडियन रिलायन्सने घेतली, पुण्यात केपीआयटी कंपनीने २०२३मध्ये सोडियम-आयन तंत्र दाखवलं, ते का विसरता?

आणि लायसन्स घेणारा पाच ग्रॅमच्या बरणीवर सही करेल? तो दहा-दहा किलोच्या सलग बॅचेस मागेल, प्रत्येकीचा ओलावा, पृष्ठफळ, कणांचा आकार, तांबं-लोखंडाचं प्रमाण. म्हणजे पायलट भट्टी घालावी लागणारच.

हिशेबी
पायलटपुरतं मान्य. पण आधी पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज, मग पेपर. उलटं केलं तर स्वतःचाच पेपर पेटंटच्या नावीन्याला आडवा येतो. अर्जापासून १२ महिन्यांत पूर्ण तपशील द्यावा लागतो, तेवढ्यात बॅचेस हाती हव्यात. आणि हक्क कॉलेजचा की संशोधकाचा, हे भट्टीची ऑर्डर देण्याआधी कागदावर घ्या. गुंतवणूकदार ते पहिल्या बैठकीत विचारतो.

सातपूर_भट्टी
कुट्टी आधी धुवायची हे पटलं. मग ती कोळशाआधी पुन्हा वाळवावी लागेल, त्या इंधनाचा खर्च कुणी धरलाय?

डाऊनी
एप्रिलच्या खरड छाटणीचा माल असेल तर पत्र्यावर पसरा, ऊन फुकट आहे. ऑक्टोबरची ओली कुट्टी ढिगात ठेवली की बुरशी धरते. आणि दोन्ही छाटण्यांचे लॉट वेगळे ठेवा, एकात मिसळले तर तांब्याचा आकडा कधीच जुळणार नाही.