पायपेटी नव्हे, अख्खा वाद्यवृंद

'वुर्लिट्झर म्हणजे आपल्या संगीत नाटकातला ऑर्गनच, फक्त आकाराने मोठा' असं कुणीतरी म्हटलंय, ते मला पटत नाही. आपल्या ऑर्गनमध्ये पायाने भाता मारायचा आणि पितळी पट्ट्या कंप पावून सूर निघायचा. वुर्लिट्झर हा त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीचा, मूकपटांना साथ देण्यासाठी चित्रपटगृहात बसवलेला थिएटर ऑर्गन; त्यात विजेवरचा पंखा हवा पुरवतो आणि ती शेकडो नळ्यांत शिरते. शिवाय ढोल, झांजा, घंटा, झायलोफोन ही खरीखुरी वाद्यं आवाज कमी-जास्त करणाऱ्या झडपांमागच्या खोलीत बसवलेली असतात. वादकाने कळ दाबली की तिथे ढोलावर खरंच टिपरू पडतं! या वाद्याला हे रूप देणारा रॉबर्ट होप-जोन्स मुळात टेलिफोन कंपनीतला इंजिनिअर. १९१० मध्ये तो वुर्लिट्झर कंपनीकडे आला.

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या स्टॅनफर्ड थिएटरात (१९२५ सालचं, फार देखणं) मूकपट पाहताना मी अगदी पुढे बसलो होतो. वादकाची नजर सतत पडद्यावर, उजवा पाय झडपांच्या पेडलवर. नायिका पत्र उघडते तशी त्याने पेडलवर टाच हळूहळू दाबली, झडपा मिटत गेल्या आणि सूर शेजारच्या वाड्यातून आल्यासारखा झाला. पुढच्याच क्षणी खर्जातली नळी बोलली, तेव्हा माझ्या खुर्चीचा हात थरथरत होता.