फाउंटन पेनात शिन-काई शाई भरली, पण पेन्सिलीसारखी पुसट उमटतेय. काय चुकतंय?

शाईखोर:
बरेच दिवस निळसर राखाडी शाई हवी होती, ऑफिसात चालेल आणि रॉयल ब्लूसारखी शाळकरी वाटणार नाही अशी. शेवटी पायलट कंपनीच्या इरोशिझुकू मालिकेतली शिन-काई घेतली, १५ मिलीची छोटी बाटली, ५० ची घ्यायचा धीर झाला नाही. इअरबड बुडवून कागदावर फिरवला तर काय रंग आला राव, जुलैत सिंहगडावरून खडकवासल्याकडे बघताना आभाळ आणि पाणी एक होऊन जातं ना, अगदी तो. पण पेनात भरून लिहिलं तर एकदम फिकट, बायको म्हणाली पेन्सिलीने लिहिलंयस का. पेन एम (मध्यम) निबचं, कन्व्हर्टरवालं (शाई ओढून घ्यायची फिरकीची नळी असलेलं), आधी त्यात रॉयल ब्लू होती, भरायच्या आधी नळाखाली धरून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं होतं. रात्री ट्यूबखाली तर निळा दिसतच नाही, नुसता करडा. दुसरी शाई बघू का?

पेठेतला:
शिन-काई म्हणजे खोल समुद्र. तिथे सूर्याचाही उजेड पोचत नाही आणि तुम्ही ट्यूब लावून निळा शोधताय. सकाळी खिडकीत धरून बघा, मग पैसे गेले की राहिले ते ठरवा.

जुनी दौत:
आमच्या वडिलांकडे ब्लू-ब्लॅक असायची, लिहिताना निळी आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर काळपट. तशीच असेल ही, थांबा जरा, होईल गडद.

टीपकागद:
काका, ती लोहाची शाई, त्यातलं लोह हवेशी संयोग पावून काळं पडायचं. शिन-काईत नुसते रंग आहेत, ती तशी पालटणार नाही.
@शाईखोर दादा, धुतल्यावर पेन वाळवलंत का? निबच्या खाली जी जीभ असते (फीड हो, शाळेत आम्ही जीभच म्हणायचो) तिच्या बारीक खाचांत पाणी धरून राहतं. वरून कोरडी दिसते पण आत थेंबभर तरी असतंच आणि पहिली पानं त्या पाण्याने पातळ झालेल्या शाईतच लिहिली जातात. गडद शाईत हे कळत नाही, राखाडीत लगेच उघडं पडतं. माझं स्वतःचं अख्खं पत्र असं गेलंय, वरच्या चार ओळी आजीच्या धुवून धुवून विटलेल्या लुगड्यासारख्या आणि खाली हळूहळू रंग चढत गेलेला. एक करा, निब टिश्यूवर टेकवून ठेवा, पाणचट भाग तो ओढून घेईल, मग कन्व्हर्टर अर्धा फेरा फिरवून ताजी शाई जिभेत उतरवा. पुढच्या वेळी धुतलं की निब खाली करून टिश्यूत गुंडाळा आणि रात्रभर पेल्यात उभं ठेवा. आणि टँकरचं पाणी येत असेल तर शेवटचं धुणं आरओच्या पाण्याने करा, क्षार साठतात.
ट्यूबचं मात्र पेठेतले म्हणतात ते खरं आहे, बोलण्याची पद्धत सोडून द्या.

पेठेतला:
पद्धत तीच राहील.

शाईखोर:
ताई, टिश्यूवर टेकवलं तर आधी नुसतं निळसर पाणीच पसरलं, चांगलं रुपयाएवढं, आणि मग मधोमध खरा रंग यायला लागला. आता एकाच पानावर वर कालच्या ओळी आणि खाली आजच्या, दोन वेगळ्या शाया वाटतायत. खिडकीतही बघितलं, निळा आहे. फक्त पावसाळी हवेत सुकायला वेळ घेते, मनगटावर अर्धं वाक्य उमटलंय उलटं. टीपकागद एबीसीत (अप्पा बळवंत चौकात) मिळतो का अजून?

जुनी दौत:
मिळाला तर माझ्यासाठीही घ्या दोन.