मदत हवी आहे : नववीला 'हिटलर यूथ' कसं शिकवू?
मंडळी, मी दापोली तालुक्यात, हर्णैजवळ इतिहास शिकवते. हिटलर यूथ म्हणजे हिटलरच्या नाझी पक्षाची मुलांची संघटना. तिच्या सनावळ्या तयार आहेत : १९३६ चा कायदा, १९३९ पासून सक्ती, दहाव्या वर्षापासून भरती. पण पोरांना ते आवडत का होतं? तंबू, शेकोटी, गणवेश, कमरेला सुरा आणि आईबापांना न जुमानण्याचा तोरा! शिवाय शाळेतही नाझी प्रचार : गणिताच्या पुस्तकातसुद्धा अपंगांवर सरकारचा खर्च किती, अशी उदाहरणं. तंबूंचं ऐकून मागच्या बाकावरचा एक म्हणाला, "बाई, मग मजाच की!" बोलला ते खरंच. या मजेतच सापळा होता, हे भाषण न झोडता कळेल असा एखादा खेळ कुणी वर्गात घेतलाय का? एडलवाइस पायरेट्ससारख्या, हिटलर यूथला विरोध करणाऱ्या जर्मन मुलांच्या टोळ्यांवर मराठीत काही वाचायला? व्हिडिओ नकोत, इथे रेंजची बोंब आहे.