प्रतिसाद: पातळ पत्र्यावरील वेल्डचे ग्राइंडिंग

एक मिलिमीटरच्या पत्र्यावर ग्राइंडर फिरवल्यावर तो निळा पडतो आणि लहरतो, या तक्रारीवर अधिक बारीक ग्रिट, म्हणजे अधिक बारीक घासकणांची डिस्क, वापरण्याचा सल्ला या चर्चेत आधी दिला गेला आहे. परंतु मूळ दोष बहुधा उष्णतेचा असतो आणि घासून बोथट झालेली बारीक डिस्क ती उलट वाढवते. आमच्या बडोद्यात मकरपुऱ्याच्या शेडमध्ये पॅनेलची कपाटे बनवणारे जुने कारागीर कडक ग्राइंडिंग व्हील फक्त वेल्डच्या उंचवट्यावर टेकवतात, उंचवटा पत्र्याच्या किंचित वर असतानाच थांबतात आणि उरलेले काम ६० व मग त्याहून बारीक ८० ग्रिटच्या फ्लॅप डिस्कने (एकावर एक बसवलेल्या पॉलिशपेपरच्या पट्ट्यांची चकती), हात सतत सरकता ठेवून, तुकड्यातुकड्याने करतात. एक पट्टा घासला की दुसऱ्या टोकाला जायचे आणि पहिला हाताला सोसेल इतका निवला की परत यायचे. सांध्यावरून आडवे बोट फिरवल्यास उंचवटा डोळ्यापेक्षा आधी कळतो. स्टेनलेस स्टीलसाठी मात्र डिस्क कटाक्षाने वेगळी ठेवावी, कारण साध्या लोखंडावर वापरलेल्या डिस्कमधले कण त्यात रुततात आणि पुढे नेमका तिथेच गंज धरतो.